ल्यूसाहेबांचा पेला

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळली. घरात कुणी ल्यूसाहेबांचं विचारलं, की "तो लाचखाऊ निघाला" म्हणून मोकळा व्हायचो. ते खोटं होतं. आज ते पुसायचंच आहे.

काल नेदरलँड्समध्ये, हूफडॉर्पला नातीच्या वाढदिवसाला शेजारचे चिनी आजोबा आले. माझ्या कपाला कप लावताना त्यांनी आपला कप मुद्दाम खाली धरला. मान देण्याची त्यांच्याकडची ती रीत. मोगऱ्याच्या चहाचा वास आला आणि मी थेट चीनमधल्या त्या जुन्या कारखान्यात पोचलो.

पुण्याहून मी तिथे यंत्रं बसवायला गेलो होतो. ल्यूसाहेब प्रांताचे बडे अधिकारी, पक्षातलं वजनदार नाव. तरी जेवताना पेला माझ्याहून खाली धरायचे. "यंत्र तुम्ही चालवता, मी नुसत्या सह्या करतो!" म्हणून हसायचे.

मग वरच्यांची मर्जी फिरली आणि त्यांना त्याच कारखान्याच्या गोदामात बसवलं. नव्या अधिकाऱ्याच्या मेजवानीत ते पेला घेऊन सरळ माझ्याकडे आले. माझा दुभाष्या पुटपुटला, "बघू नका, कुलकर्णी. तुमची यंत्रं अडकतील."

मी पेला टेबलावर ठेवला आणि ताटात बघत राहिलो. ल्यूसाहेब वाकले, माझ्या पेल्याच्या बुडाशी आपला पेला टेकवला, चहा संपवला आणि निघून गेले.

त्यांनी आमच्याकडून कधीच काही घेतलं नव्हतं.

काल मीही कप खाली नेला, आजोबांनी आणखी खाली. "आबा, यू विल स्पिल इट!" नात ओरडली. सगळे हसले.

ल्यूसाहेब, माझं चुकलं. मी उठून उभं राहायला हवं होतं.