मढच्या भिंतीचे सव्वाचार मीटर

चंद्रप्रकाश घाडी सरकारी भूकरमापक. जमिनी मोजायच्या, हद्दी दाखवायच्या, नकाशे काढायचे, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. गिरणी कामगाराचा मुलगा, राहायला घाटकोपरला. आवाज चढवून बोलणारा माणूस नव्हे. पण ‘सदोष’ हा शब्द कुणी उच्चारला की त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागायची, आणि त्याला कारण होती मढची एक भिंत.

आठ वर्षांपूर्वी मढच्या कोळणींनी अर्ज केला होता, की बोंबील सुकवायच्या आमच्या सामायिक जागेत शेजारच्या बंगल्याची भिंत घुसली आहे. बंगला शूटिंगला भाड्याने जायचा, मालकाला गाड्या लावायला जागा हवी होती. घाडी तीन दिवस उन्हात राबले. बोंबील टांगायच्या बांबूंमधून वाकून टेप ओढली, हद्दीचे जुने दगड शोधले, मापं तीनदा पडताळली. भिंत सव्वाचार मीटर आत होती. त्यांनी तसं लिहून दिलं.

मालकाचे हात वरपर्यंत पोचलेले. “जुन्या पद्धतीची मोजणी, चूक होणारच,” असं त्याच्या सल्लागाराने सांगितलं, आणि साहेबांनी जागेवर पाऊलही न टाकता शेरा मारला: मोजणी सदोष, संबंधितास ताकीद. शेरा घाडींच्या सेवापुस्तकात गेला. बढती हुकली. भिंत जागची हलली नाही. अर्ज करणाऱ्यांतली सगळ्यात म्हातारी सोनूबाई त्यांना म्हणाली, “साहेब, तुमी खरं लिवलंव, म्हणून तुमचीच वाट लागली.”

गेल्या वर्षी किनाऱ्यावरच्या वस्त्यांची ड्रोनने मोजणी निघाली. घाडींना हुकूम आला: ड्रोनवाल्यांना मदत करा. ड्रोन उडवणारी श्रुतिका सव्वीस वर्षांची.

“सर, हा वरून शेकडो फोटो काढतो,” तिने समजावलं. “ते जोडून नकाशा होतो. पण जमिनीवर पक्क्या खुणा लागतात, त्यांची जागा अगदी बरोबर मोजलेली. त्या चुकल्या तर अख्खा नकाशा सरकतो.”

घाडींना हे लगेच पटलं. उपग्रहाकडून जागा कळणारं यंत्र घेऊन त्यांनी एकेक खूण मोजली, चुन्याने पांढऱ्या फुल्या काढल्या. कोळणींच्या जागेच्या एका कोपऱ्यावर मात्र जंगली बदामाचं झाड पसरलं होतं.

“वरून नुसती पानंच दिसतायत,” श्रुतिका म्हणाली.

घाडी झाडाखाली गुडघ्यांवर बसले आणि खुरप्याने माती उकरू लागले. हातभर खाली हद्दीचा दगड लागला, फुली कोरलेला. त्याचीही जागा मोजली. मग ड्रोन उडाला आणि अर्ध्या तासात खाली आला. तीन दिवसांचं काम अर्ध्या तासात, आणि तेही नीट. घाडींना यंत्र मनापासून आवडलं.

आठवड्याने श्रुतिकाने संगणकावर ड्रोनच्या चित्रावर जुना हद्दीचा नकाशा ठेवला. “सर, ही भिंत आत आलीय.”

“किती?”

“चार मीटर तेवीस सेंटीमीटर.”

 घाडी उठले आणि आपल्या जुन्या नकाशाची प्रत शोधायला गेले.

भिंत पाडायचं ठरवायला कार्यालयात बैठक झाली. साहेब तेच, आता आणखी वरच्या खुर्चीवर. “बघा, तंत्रज्ञानामुळे सत्य बाहेर आलं,” ते म्हणाले. “माणसाच्या हातून हे झालंच नसतं.”

घाडी उभे राहिले. “साहेब, माणसाच्या हातून हे सात वर्षांपूर्वीच झालंय. फरक दोन सेंटीमीटरचा. तुम्ही त्याला सदोष म्हणालात.” त्यांनी जुन्या नकाशाची प्रत टेबलावर ठेवली.

“घाडी, जुनं उकरून काय मिळणार? भिंत पडतेय ना आता?”

“त्या कोळणींनी सात वर्षं रस्त्यावर मासे सुकवले, त्याचं काय? यंत्राचं ऐकता, कारण ते सांगतंय ते नाकारायची सोय नाही. माझं नाकारता आलं. नव्या नकाशावर माझी सही हवी असेल तर जुना सोबत जोडा.”

साहेब श्रुतिकाकडे वळले. त्यांना वाटलं, ती सावरून घेईल. ती म्हणाली, “झाडाखालचा दगड घाडी सरांनी शोधला नसता, तर तो कोपरा आम्हाला अंदाजाने धरावा लागला असता. माझ्या अहवालात तसं लिहिलंय.”

जुना नकाशा जोडला गेला. दिवाळीनंतर भिंत पाडली. शेरा रद्द करा, या घाडींच्या अर्जावर मात्र कार्यालयाने आधी ‘तशी तरतूद नाही’ असं कळवलं. घाडी तोवर निवृत्त झाले होते. बायको, मालन, म्हणाली, “अहो, सोडा ना आता.”

“का सोडू? चोरी मी केली होती का?”

चौथ्या सुनावणीनंतर दोन ओळींचं पत्र आलं: सदर शेरा रद्द समजावा. हुकलेल्या बढतीबद्दल त्यात अक्षर नव्हतं, आणि शेरा कुणी मारला होता, त्याचं नाव तर कुठेच नव्हतं. घाडींनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि त्याच दुपारी पुढचा अर्ज लिहायला घेतला.