चार नंबरची अकरा मिनिटं

वलीभाईंवर काहीतरी लिहा, असं त्यांच्या मुलीने, झाराने, मला फोनवर सांगितलं. मला लिहायची सवय नाही. नोकरीभर मी दुसऱ्यांची पत्रं टाईप केली. पण त्यांच्या शेजारच्या टेबलावर तेरा वर्षं बसलो, तेव्हा पाहिलं तेवढं लिहितो.

वलीभाई रत्नागिरीकडचे. अबुधाबीपासून तासाभरावर, ओसाड खाजणात, शॉर्टवेव्ह रेडिओचं एक स्टेशन होतं, तिथे ते ऑपरेटर. आम्ही राहायचो त्या मुसफ्फाहून कंपनीची बस आम्हाला दुपारी नेई. स्टेशनला स्वतःचं असं काही सांगायचं नव्हतं. परदेशातले लोक आपले कार्यक्रम टेपच्या रिळांवर पाठवत आणि आम्ही ते त्यांच्या मुलखाकडे सोडत असू. इथल्या सरकारची सगळ्यांशी मैत्री होती. त्यामुळे एका देशाचं सरकार पाच वाजता बोले आणि तिथून पळालेले त्याचे विरोधक सहा वाजता. ट्रान्समीटर तोच. रिळांवर नावं नसत, नुसते नंबर. सरकार चार, विरोधक सात. स्पीकर बंद ठेवायचा असा लेखी नियम होता. ऑपरेटरने आवाजाच्या मीटरचा काटा बघायचा, मजकूर ऐकायचा नाही. ऐकलं की माणसाचं मत होतं, असं मुदीर, म्हणजे आमचे अरब साहेब, म्हणत.

गोष्ट अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीतली. रमजान चालू होता आणि मार्चमध्ये झाराची दहावी होती. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि महिन्याभरात सगळ्या घराला निघावं लागतं, हे आम्हा सर्वांना पाठ होतं.

एरवी वलीभाई चारचं रीळ संपल्यावरच सातचं लावत. मधली दहा मिनिटं फ्रिक्वेन्सी बदलायची. रमजानात मात्र त्याच दहा मिनिटांत रोजा सोडायची वेळ येई. म्हणून ते दोन्ही रिळं दोन मशीनवर आधीच लावून ठेवत, म्हणजे खजूर खायला हात मोकळा. त्या दिवशी पाच वाजता त्यांनी उजव्या मशीनचं बटण दाबलं. चार नंबर डावीकडे होता.

काही वेळाने ते म्हणाले, "सदानंदराव, चार नंबरची तब्येत बरी नाही काय?"

"का?"

"काटा बघा. एकदाही लालला लागला नाही. सहा वर्षं हा माणूस नुसता ओरडतोय."

मग त्यांनी उजवीकडे पाहिलं. सातचं रीळ शांतपणे फिरत होतं. त्यांनी ते थांबवलं, चारचं चालू केलं आणि लॉगबुक पुढे ओढलं. अकरा मिनिटं झाली होती.

"लिहू नका," मी म्हणालो. "कोणी ऐकलं नसेल."

"कोणी ऐकत नसेल तर आपण इथे येतो कशाला?"

"झाराची परीक्षा आहे, वलीभाई."

"ठाऊक आहे. तिचा बाप मीच आहे." आणि त्यांनी लिहिलं.

तिसऱ्या दिवशी मंत्रालयातून मुदीरना फोन आला. एक पाहुणा नाराज आहे. कोणता ते सांगता येत नाही. कशाबद्दल तेही सांगता येत नाही, कारण आपण काही ऐकत नाही. मुदीरनी लॉगबुक मागवलं, वलीभाईंना बोलावलं आणि त्यांचा जबाब टाईप करायला मला बसवलं.

"सात नंबर आहे हे तुला कसं कळलं? स्पीकर चालू होता?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"नाही साहेब. काट्यावरून."

"काटा बोलतो?"

"चार नंबरवाले ओरडतात, साहेब. सातच्या बाई समजावून सांगतात."

"बाई?"

"अंदाज, साहेब."

मुदीर माझ्याकडे वळले. "बाई टाईप करू नको."

घरी मरियमबीने, त्यांच्या बायकोने, मोठी बॅग भरली आणि झाराच्या टेबलाखाली ठेवली. "अम्मी, देअर इज नो लेग स्पेस," एवढीच झाराची तक्रार. ती पाय वर घेऊन अभ्यास करू लागली.

दोन आठवडे मुदीर विचार करत होते. वलीला काढलं तर चारची बाजू घेतल्यासारखं होतं. नाही काढलं तर सातची. शेवटी त्यांनी मला लेखी आदेश टाईप करायला सांगितला: येत्या मंगळवारी सातच्या वेळेत चारचं रीळ अकरा मिनिटं लावावं. "दोघं सारखेच नाराज झाले की खलास," ते म्हणाले. वलीचं काय, ते नंतर बघू.

मंगळवारी सहा वाजता वलीभाईंनी चुकीचं बटण दाबलं. काटा थेट लालवर गेला. ते घड्याळाकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी फोन आला. दुसरा पाहुणा नाराज होता. मुदीर समाधानाने "अल्हम्दुलिल्ला" म्हणाले.

वलीभाईंचा निकाल मात्र आला नाही. रोज बसमध्ये विचारत, "माझा कागद?" मी नाही म्हणे. झारा परीक्षेला बसली, चांगल्या मार्कांनी पास झाली, कॉलेजात गेली. कागद नव्हता, म्हणून मरियमबीने बॅगही रिकामी केली नाही. लागेल तो कपडा काढायची आणि धुऊन परत तिथेच ठेवायची.

दोन हजार तीनमध्ये स्टेशन बंद झालं. कपाटं रिकामी करताना मला वलीभाईंची फाईल सापडली. शेवटच्या पानावर शेरा होता: निर्णय राखून ठेवला आहे. ती मी त्यांना परतीच्या बसमध्ये दिली. आता आम्हा सगळ्यांचेच व्हिसे रद्द होणार होते.

त्यांनी पान दोनदा वाचलं आणि फाईल मला परत दिली.

"बरं झालं," ते म्हणाले, "बॅग भरलेलीच आहे."