डुकरांच्या पाकिटांवर आमची जात

वैजापूरजवळच्या आमच्या शेडमध्ये कोणती मादी ठेवायची आणि कोणती विक्रीच्या गाडीत चढवायची, हे आबा नजरेनं ठरवायचे. आबा म्हणजे माझे वडील. मादी समोरून चालवायची, सड मोजायचे, मागचे पाय बघायचे, की झाला निकाल. मी वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जाणारा माणूस. माझं मत कोणी विचारत नसे, आणि ते मला लागायचं.

तरी डुकरांचे केस मुळासकट उपटून प्रयोगशाळेत पाठवायची टूम माझीच. पूर्वी ही तपासणी आमच्या आवाक्याबाहेर होती. आता सगळी जनुकं न वाचता मोजक्या खुणाच वाचतात, इतर ठिकाणच्या नोंदींशी ताडून बघतात आणि कोणत्या मादीला जास्त पिल्लं होतील याचा अंदाज कळवतात. त्यामुळे परवडते. आबा म्हणाले, "केसावरनं पिल्लं सांगणार? मंग आपला पोपटवाला काय वाईट हाय?"

पण पाकिटं त्यांनीच लिहिली, त्यांच्या वळणदार अक्षरात. आठवड्यानं प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. हसू दाबत विचारत होत्या, "जनावराची जात लिहायची होती. ही कोणाची लिहिलीय?"

आबांनी सहाच्या सहा पाकिटांवर आमचीच जात लिहिली होती, पोटजातीसकट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा शांत. "शाळेपासनं तहसीलपर्यंत जिथं जिथं जात इचारली तिथं माझीच लिहिली. हितं डुकराची इचारतेत, हे मला काय ठावं?" आई तोंडाला पदर लावून हसत होती. मग आबाही हसले.

निकाल आला तेव्हा शेडमध्ये जागा एकीचीच होती, आणि एकाच वेताच्या दोन बहिणी समोर होत्या. एक भरदार, आबांची लाडकी. दुसरी किडमिडीत. कागदावर किडमिडी पहिली, लाडकी शेवटून पहिली.

"एकाच पोटच्या, मंग येवढा फरक कसा?" आबांनी विचारलं.

"आबा, मी आन् ताई बी एकाच पोटचे."

"व्हय, तिला तरी अक्कल हाय."

गाडी येणार त्या दिवशी माझी पहिली पाळी होती. निघताना मी आबांना एवढंच म्हणालो, "किडमिडीच ठिवा." दिवसभर मशीनपुढं उभा होतो, पण डोक्यात एकच, आबा लाडकीला सोडणार नाहीत. दिवस कलताना घरी पोचलो. किडमिडी घमेल्यात तोंड घालून खात होती. शेजारचा कप्पा धुऊन काढलेला होता.

आबा बाजेवर बसले होते. आईनं हळूच सांगितलं, लाडकीला त्यांनी स्वतः गाडीत चढवलं, कुणाला हात लावू दिला नाही. तेव्हापासून जेवले नव्हते.

मी जवळ जाऊन बसलो. "आबा, नुसता अंदाज हाय त्यो. चुकू बी शकतो."

"चुकू दे," ते म्हणाले. "त्या कागदातलं मला काय बी कळलं नाय. तू सांगितलं म्हून ठिवली."

इतक्या वर्षांत त्यांनी माझं पहिल्यांदा ऐकलं होतं. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं.