आधी दोन घास खाऊन घ्या

माझे पती वारले त्या दिवशी मी साताऱ्यात परीक्षेचे पेपर तपासत होते. मिरजेला नेताना ते वाटेत वारले. मला ते दुपारी कराडला कळलं.

आष्ट्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या छोट्या हॉस्पिटलात ते डॉक्टर होते आणि अपघात विभाग त्यांच्याकडे होता. विभाग म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची एक खोली. तिच्यात एक टेबल, एक पलंग, औषधांचं कपाट आणि दोन लाकडी स्टुलं. थंडीत गुऱ्हाळं सुरू झाली की चरकात सापडलेले हात यायचे. पावसाळ्यात उसाच्या पाल्यातले साप. फवारणीचं औषध मात्र कुठल्याही महिन्यात यायचं, कुणी चुकून प्यालेलं, कुणी ठरवून. जे तिथे निभणार नाही ते हॉस्पिटलच्या जीपमधून मिरजेला पाठवायचे. सत्तरच्या दशकातली ती सगळी वर्षं मी त्यांना दमलेलं पाहिलं. घरी आले की ते मोरीत बराच वेळ हात धूत राहायचे. मग माझ्या शेजारी बसून विचारायचे, काय वाचतेस. मी सांगायला लागायचे, आणि माझं सांगून होण्याआधी त्यांचे डोळे मिटलेले असायचे.

त्या खोलीत त्यांची एक रीत होती. माणूस गेला, की ते बाहेर येऊन उभ्या उभ्या सांगत नसत. जवळच्या नातेवाइकाला आत बोलवत, एका स्टुलावर बसवत, पाणी देत आणि दुसरं स्टूल ओढून स्वतः समोर बसत. मग एकच शब्द सांगत, गेले. देवाघरी गेले असं नाही, जास्त झालंय असंही नाही. त्यानंतर उठून जात नसत. समोरचा माणूस काही विचारेपर्यंत, किंवा काहीच विचारणार नाही हे कळेपर्यंत, तिथेच बसून राहत. बाहेर दुसरा पेशंट कण्हत असला तरी थोडा वेळ बसत.

आमच्या भागाची रीत याच्या अगदी उलटी. ज्या बाईचा नवरा किंवा मुलगा गेला, तिला शेवटी कळवायचं. ती माहेरी असेल तर कुणीतरी गाडी घेऊन जायचं, म्हणायचं, जरा बरं नाही, चला. वाटेत तिला खायला घालायचं, कारण एकदा कळलं की चूल बंद आणि सगळं उरकेपर्यंत पोटात काही जायचं नाही. ती घराच्या वळणावर येते, दारात माणसं दिसतात, आणि मग तिला कळतं. यात लबाडी नसते, मायाच असते. तिला तेवढे शेवटचे घास मिळावेत म्हणून चारचौघं मिळून तोंड सांभाळतात.

एकदा ट्रॅक्टर उलटून एक तरुण गेला. त्याची बायको बाहेर व्हरांड्यात बसली होती. तिच्या चुलत सासऱ्यांनी आमच्या ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की आताच बोलू नका, घरून भाकरी येतीय, पोरगीला खाऊ द्या. ह्यांनी ऐकून घेतलं आणि तिला आत बोलावलं. नंतर म्हातारा चिडला नाही. जाताना म्हणाला, "सायब, तुमी लय सरळ बोलता. आमच्यात सरळ बोलणाऱ्याला कुणी सोयरीक ठरवायला नेत न्हाई."

ह्यांनी घरी येऊन मला हे सांगितलं, हसत हसत, पण ते त्यांच्या मनाला लागलं होतं. मी म्हाताऱ्याच्या बाजूनं बोलले. म्हटलं, भाकरी खाईपर्यंत थांबला असतात तर काय बिघडलं असतं. ते म्हणाले, "तिला कळलेलंच असतं गं. बाकीचे सगळे एकीकडे आणि ती एकटी दुसरीकडे, असं होतं. त्या भाकरीची चव तिला जन्मभर आठवत राहते." मी पुढे वाद घातला नाही. मला पटलं होतं असंही नाही. कोण बरोबर हे ठरवायची वेळ माझ्यावर कधी येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं, एवढंच.

ते वारले त्या दिवशी साताऱ्याच्या एका शाळेत आम्ही बऱ्याच शिक्षिका एका हॉलमध्ये पेपर तपासत होतो. शिपाई येऊन म्हणाला, बाई, तुमचे पाहुणे आलेत. बाहेर माझे चुलत दीर उभे होते, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. फाटकापाशी हॉस्पिटलची जीप होती आणि जीपजवळ ड्रायव्हर. दीर म्हणाले, दादाला जरा छातीत दुखलं, मिरजेला ॲडमिट केलंय, तुमची आठवण काढतोय. ते फार नीट बोलत होते. एरवी ते माझ्याशी चेष्टेनं बोलत, माझ्या पुस्तकांवरून मला शालजोडीतले देत. त्या दिवशी त्यांनी माझी पिशवी स्वतः उचलली.

मी जीपमध्ये बसले. ड्रायव्हर माझ्याकडे बघत नव्हता. दीर सगळ्या रस्त्यात लष्करातली दुखणी सांगत होते, कोण कसा मरणाच्या दारातून परत आला ते. मी हूं हूं करत होते. विचारलं असतं तर त्यांनी पुन्हा तेच सांगितलं असतं, आणि ते ऐकायची ताकद माझ्यात नव्हती. उंब्रज मागे पडलं. मी बाहेरची शेतं बघत राहिले. एकच गोष्ट मला हवी होती, कुणीतरी मला सांगावं. गावाच्या वळणावर, दारातली माणसं बघून मला कळू नये.

कराडला स्टँडजवळच्या हॉटेलापाशी दिरांनी जीप थांबवली. म्हणाले, "वैनी, आधी दोन घास खाऊन घ्या. मिरजेत धावपळ होईल, वेळ मिळायचा नाही."

त्यांनी माझ्यापुरते पोहे मागवले. स्वतःला चहासुद्धा नाही. जेवणाच्या वेळेबाबत ते फार काटेकोर, लष्करी शिस्तीचे. दुपार टळून गेली होती आणि त्यांच्यापुढे काही नव्हतं. बशी माझ्यासमोर आली. मी एक घास उचलला आणि तो हातातच राहिला.

दीर पाण्याचा तांब्या आणायला आत गेले. ड्रायव्हर दाराशी उभा होता. आमच्याकडे तो कितीतरी वर्षं येत होता, पण माझ्यासमोर कधी बसला नव्हता. सणाला जेवायला बोलावलं तरी ओसरीवरच्या पंगतीत बसायचा. मी त्याच्याकडे पाहिलं. तो आत आला, शेजारच्या टेबलाजवळची खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसला. तो बसला तेव्हाच मला कळलं. तरी त्यानं ते सांगितलं.

"सायब गेलं, बाई. सकाळीच. सांगलीच्या अलीकडं."

मी घास बशीत ठेवला. तो उठला नाही. दीर तांब्या घेऊन आले, त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते ड्रायव्हरला म्हणाले, तुला कुणी सांगितलं होतं बोलायला. तो खाली बघून म्हणाला, "सायबांनी हेच केलं असतं, आन्ना." दिरांनी तांब्या टेबलावर ठेवला, माझ्या शेजारी बसले आणि रडायला लागले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सकाळपासून ते रडले नव्हते, माझ्यासाठी आवरून धरलं होतं.

कराडपासून पुढचा रस्ता माझा झाला. मी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसले आणि विचारत गेले. सकाळी ते काय करत होते, कुणाला तपासत होते. तो सांगत गेला. विंचू चावलेलं एक पोर आलं होतं. त्याला तपासता तपासता ते स्टुलावर बसले, छातीवर हात ठेवला आणि नर्सला म्हणाले, हृदयाचं दिसतंय. ते पोर आधी बघा म्हणाले. मग जीपमध्ये मागे आडवे झाले. पुढे काही बोलले का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "हळू घे म्हणाले. वाट खराब हाय म्हणाले. त्येच्यानंतर काय न्हाई." पोराचं काय झालं, हेही विचारलं. ते वाचलं होतं.

पेठ नाका आला, इस्लामपूर गेलं. मधे मी रडले, मधे थांबले, मधे पुन्हा तेच विचारलं. तो पुन्हा तेच सांगत होता. घरी पोहोचल्यावर इतकी माणसं होती, इतके हात होते, की त्यातलं काहीच विचारता आलं नसतं. दारातली गर्दी दिसली तेव्हा मला धक्का बसला नाही. मी उतरून सरळ आत गेले. पोह्यांची चव मला आठवत नाही, कारण ते मी खाल्ले नाहीत.

दिरांनी ड्रायव्हरला नंतर कधी दोष दिला नाही. पण आपलं चुकलं असंही ते कधी म्हणाले नाहीत. दिवसकार्य झाल्यावर एकदा म्हणाले, "वैनी, उपाशी राहिला त्या दिवशी तुम्ही. तेवढं माझ्या जिवाला लागलंय." मी त्यांना समजावायला गेले नाही. त्यांची माया त्यांच्या ठिकाणी होती.

आता दीर नाहीत. ड्रायव्हर निवृत्त होऊन कडेगावला मुलाकडे गेला, तोही गेल्याचं ऐकलं. व्हरांड्याच्या टोकाची ती खोली पाडून तिथे औषधांचं दुकान झालं आहे. मी शाळेतून निवृत्त झाले. गावात कुणी गेलं आणि घरातल्या बाईला सांगायचं कुणाला धैर्य नसलं, तर अजून कधी कधी मला बोलावणं येतं. म्हणतात, बाई, तुमीच सांगा, आमच्यानं होत न्हाई. मी जाते. तिला बसवते, पाणी देते, समोर बसते आणि सांगते. मग ती काही विचारेपर्यंत थांबते. घरी येऊन हात धुते. दोन खोल्या आहेत, पुस्तकं आहेत, आणि एवढं काम आहे.