दोडक्याखालची मांजरं

मी स्वतःला सेंद्रिय शेतीतला जाणकार समजत होतो. पुरावा काय, तर परसातला एक दोडक्याचा वेल आणि मोबाइलमध्ये साठवलेले ढीगभर व्हिडिओ. नोकरी बेळगावात, भाड्याची खोली अनगोळात. बायको आणि आई गावी, बोरगावला. घरी जायचो ते रविवारी, आणि आठवडाभर साठलेली सगळी अक्कल त्या एका दिवसात पाजळायचो.

आई आमची जुन्या वळणाची जैन. दिवस मावळायच्या आत जेवण, कांदा-बटाटा घरात न्हाय. त्यात गेल्या उन्हाळ्यात तिनं बाजारची भाजीच बंद केली. शेजारच्या रानात सकाळी औषध फवारलेली वांगी दुपारी बाजारासाठी टोपल्यांत भरताना तिनं डोळ्यांनी बघितली आणि घरी येऊन जाहीर केलं, "विष घातलेलं मी खाणार न्हाय. नेम घेतला." तिचा नेम म्हणजे दगडावरची रेघ. डाळभातावर दिवस काढायला लागली. हातातल्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, भाजी पोटात गेलीच पाहिजे.

मी छाती ठोकून सांगितलं, "आई, परसातला दोडका खाशील का न्हाय? विष न्हाय, हिंसा न्हाय, माझी जबाबदारी!"

"तू म्हणतोस तर खाईन," ती म्हणाली.

शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून मी जीवामृत केलं. वेल मांडवावर चढला, दोडके लोंबायला लागले आणि आई जेवायला लागली. मग काय विचारता! ऑफिसात जो भेटेल त्याला मी दोडकाच सांगत सुटलो.

पण एका रविवारी बघतो तर पानांवर पांढरी भुरी, शेंड्यावर माव्याची कीड आणि नवे दोडके बोटाएवढेच राहिलेले. दुखणी सगळी एकदम आणि माझ्याकडं रविवार एकच. भुरीसाठी आंबट ताक होतं. माव्यासाठी कडुनिंबाचं तेल, ते पाण्यात मिसळायला रिठ्याचं पाणी. आणि वाढीसाठी ऑफिसातल्या मित्रानं दिलेली घरगुती टॉनिकची बाटली. म्हटलं, कशाला वेगवेगळं, एका दगडात... जाऊ द्या, आमच्या घरात ती म्हण शोभत न्हाय. सगळं एकाच पंपात ओतलं.

"अहो, ऊन तरी उतरू द्या," बायको म्हणाली.

"नैसर्गिक आहे. त्याला ऊन-सावली काय?" मी म्हणालो आणि भर बाराच्या उन्हात पंप पाठीवर घेतला.

ताक फाटलं. गुठळ्या होऊन नोझल तुंबलं. ते उघडायला गेलो तर निम्मी धार माझ्या तोंडावर आणि शर्टावर आली. वास असा, की बायको नाकाला पदर लावून आत गेली. उरलेलं मी चाळणीनं गाळून वेलावर मारलंच. हट्ट म्हणजे हट्ट.

उन्हं कलली आणि एक मांजर आलं. मग दुसरं आलं. बघता बघता गल्लीतली झाडून सगळी मांजरं मांडवाखाली माना वर करून बसली. मी झाडू घेऊन धावलो तर पळायची सोडून माझ्याच पायांत घुटमळायला लागली, शर्ट चाटायला लागली.

"तुमच्यावर आजवर एवढं प्रेम कुणी केलं न्हवतं," खिडकीतून बायको म्हणाली.

आई पायरीवर बसून दोडका चिरत होती. तिनं हात थांबवला. "मांजरं कशाला जमल्यात रं?"

मी मित्राला फोन लावला. "आरं, त्या बाटलीत हाय तरी काय?"

"मासं आणि गूळ. महिनाभर मुरवलंय. लई भारी हाय, न्हवं?"

ज्या घरात अंडंसुद्धा कधी शिरलं न्हाय, तिथं मी मासे शिंपडले होते! आईला सांगितलं, पण त्यात शौर्य काही नव्हतं. मांजरांनी आधीच सांगून टाकलं होतं.

आईनं चिरलेला दोडका बाजूला सारला.

"अगं, तो सकाळी तोडलाय, फवारणीच्या आधी!" मी म्हणालो.

"आज काय घातलंस ते तुला म्हाईत न्हवतं. मग मागच्या रविवारी काय घातलंस, ते तरी म्हाईत असंल कशावरनं?"

आई पुन्हा डाळभात जेवली. एवढी लाज मला कधी वाटली न्हवती.

वेलाची पानं करपली. मी उपटायला गेलो तर आई म्हणाली, "राहू दे. जीव हाय त्यात. त्याचा काय गुन्हा?" वेल पुन्हा फुटला आणि जणू मला चिडवायलाच लदलदून धरला. ते दोडके, कशावर वाढलेत ते सांगून, मासे खाणाऱ्या घरांत वाटले. लोक बियाणं विचारत दारात यायचे.

परसाच्या दुसऱ्या कोपऱ्यात मी नवा वेल लावला. आता एका रविवारी मुळाशी जीवामृत, दुसऱ्या रविवारी ऊन उतरल्यावर निंबतेल, तेही आधी एका पानावर मारून बघायचं. ताकाची पाळी निराळी. परक्याची बाटली घरात न्हाय. जे कालवायचं ते आईसमोर कालवायचं. दोडके लागले. आई रोज बघायची आणि आत जायची. मी म्हणू तरी कोणत्या तोंडानं, की खा?

एका रविवारी मी निंबतेल कालवत होतो. आई गल्लीतलं एक मांजर उचलून घेऊन आली आणि तिनं ते बादलीपुढं ठेवलं. मांजरानं हुंगलं. शिंकलं. तोंड फिरवलं आणि शेपूट वर करून निघून गेलं.

आईनं हात वर केला, एक कोवळा दोडका तोडला आणि पदरात घेतला.

"तुझ्यापेक्षा मांजराचा भरवसा बरा," ती म्हणाली आणि विळी काढायला आत गेली.

मी दुधाची वाटी घेऊन त्या मांजराला शोधत गल्लीभर हिंडलो.