रोछिंगीची मूठ

बांबूला फुलं आली तेव्हा गावातली म्हातारी माणसं गप्प झाली. फुलांमागून उंदीर आले तेव्हा बाकीच्यांचीही वाचा बसली. आठवडाभरात डोंगरउतारावरचं भात फस्त झालं, आणि त्या वर्षी आमच्या चुली पेटायच्या त्या रानातले कंद उकडायला.

आम्ही मानाने 'पी' म्हणायचो त्या रोछिंगीच्या घरी मात्र देवाचा डबा भरत होता. तसा डबा आमच्याकडे घरोघरी असतो. तांदूळ शिजायला टाकण्याआधी बाई एक मूठ त्यात घालते, आणि शनिवारी चर्चच्या बायका येऊन तो रिकामा करून नेतात. रोछिंगीची मूठ एकतीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण तीच सांगायची. चर्चमध्ये बायकांच्या सभेत देवाची साक्ष द्यायला उभी राहिली की गाडी तिथूनच सुटायची. पोटची लेक गेली त्या दिवशीही मूठ चुकली नाही, म्हणायची. तिचा नवरा थानछुमा जिभेचा तिखट. तो म्हणायचा, "देवाला तुझा डबा चांगलाच ठाऊक आहे. तुला ओळखतो की नाही, कोण जाणे."

तोच थानछुमा आता चुलीशेजारी पडून होता. पाय सुजले होते, कंद पोटात ठरत नव्हते. कंपाउंडरने सांगितलं होतं, पेज द्या, दुसरं काही टिकणार नाही. घरात तळ दिसू लागलेलं एक तांदळाचं मडकं होतं. रोछिंगी रोज एक मूठ डब्यात टाकायची आणि एक पेजेत. तांदूळ संपत आले तशी पेजेची मूठ लहान झाली. डब्याची झाली नाही.

जमलेला तांदूळ चर्च त्या दिवसांत उपाशी घरांना वाटत होतं. त्या घरांच्या यादीत रोछिंगीचं नाव नव्हतं. असणार तरी कसं? काठोकाठ डबा देणाऱ्या बाईला उपाशी कोण म्हणेल? कोणीतरी आपणहून विचारेल म्हणून तिने दोन शनिवार वाट पाहिली. स्वतः मागायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तिसऱ्या शनिवारी सकाळी मडकं खरवडून झालं. दुपारी चर्चच्या बायकांतली पी जाइरेमी टोपली घेऊन दारात आली आणि रोछिंगीने डबा तिच्या टोपलीत ओतला, नेहमीसारखा, ताठ मानेने. वळून पाहिलं तर थानछुमा तिच्याकडेच बघत होता. ती त्याच्या टोमण्याची वाट बघत राहिली. तो काहीच बोलला नाही. बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. हे तिच्या ध्यानात आलं आणि जाइरेमीच्या मागोमाग ती घराबाहेर पडली.

अंगावर चादर ओढून ती चर्चमध्ये पोचली तेव्हा बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. ती उभी राहिली आणि सवयीने सुरू झाली. एकतीस वर्षं मूठ चुकली नाही. घरात दाणा नसताना चुकली नाही. नवरा मरायला टेकला तरी चुकली नाही. बायकांचे हात थांबले. एकीने डोळे पुसले, दुसरी पुटपुटली की असा विश्वास आम्हाला मिळो. रोछिंगीला ते ऐकून बरं वाटलं. आतून ऊब आल्यासारखं, अगदी बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली. तिकडे माणूस मरतोय आणि आपण इथे कौतुक गोळा करतोय.

ती मटकन खाली बसली. "विश्वास नव्हता तो," ती म्हणाली. "देवासाठी नव्हतंच ते. तुम्ही बघावं म्हणून होतं. त्याच्या तोंडचा घास काढून मी माझं नाव राखलं. आता माझ्याकडे काही नाही. मला तांदूळ द्या."

मग जाइरेमीने टोपलीतला तांदूळ तिच्या चादरीत ओतायला घेतला. ती खाली मान घालून म्हणाली, "तुझी दशा दिसत होती गं. पण विचारलं तर तुला राग येईल, म्हणून नाव घातलं नाही." रोछिंगीने चादरीचं टोक घट्ट धरून ठेवलं. त्या तांदळाकडे बघायचीही तिला लाज वाटत होती.

घरी येऊन तिने पाणी उकळत ठेवलं. तांदूळ घ्यायला हात घातला आणि तो सवयीने डब्याकडे वळला. मूठ डब्यावर थांबली. एकतीस वर्षांत देवाशी बोलताना तिला शब्द कमी पडले नव्हते. आज एवढंच निघालं, "बापा, आज तुला द्यायला माझ्याकडे काही नाही. हेही तुझंच आहे." तिने मूठ पातेल्यात सोडली.

पेज झाल्यावर तिने थानछुमाचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमचा ओठांना लावला. त्याने तोंड उघडलं नाही. त्याने डोळ्यांनी फळीवरचा डबा दाखवला आणि मोठ्या कष्टाने विचारलं, "टाकलीस?"

"नाही," ती म्हणाली. "आज नाही."

थानछुमाने तोंड उघडलं.