वाढत्या अंगाचं माप

राहुरीच्या पेठेत फक्रुद्दीन टेलरनं शिवलेला कपडा लांबून ओळखू येतो. आधी कपडा येतो, मागाहून माणूस. कुणी कुरकुर केलीच, तर तोंडातल्या टाचण्याही न काढता ते म्हणतात, "ढिला न्हाई. वाढत्या अंगाचा हाय." सत्तरीच्या गोरक्षनाथ गुरुजींनाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. गुरुजी बिचारे अजून वाढायची वाट बघताहेत.

जून संपता संपता शेजारच्या गल्लीतल्या फिलोमिनाबाई आठ वर्षांच्या आराधनाला घेऊन दुकानात आल्या. आराधनाची थोरली बहीण नॅन्सी उन्हाळ्यात काविळीनं गेली. शाळा उघडल्यावर पोर नॅन्सीचाच ड्रेस घालून निघाली आणि प्रार्थनेच्या रांगेत पायात घोळ अडकून दोनदा पडली. पोरं हसली, तशी हिनं शाळाच सोडली. आईनं नवा ड्रेस शिवून घेतला, तो हिनं शेळीला घातला. फक्रुद्दीनचाचांच्या हातचा असल्यामुळे तो शेळीलाही ढिलाच झाला.

"चाचा, नॅन्सीचा हा कापून बारीक करा," फिलोमिनाबाई म्हणाल्या.

आराधना ड्रेस खाली घालून त्यावर बसली. "कापायचा न्हाई. ताईचा हाय."

नॅन्सी होती तेव्हा ताईचा उतरलेला कपडा नको म्हणून हीच पोरगी ह्याच दुकानात लोळण घेत असे. चाचांना ते आठवलं आणि त्यांनी कात्री खणात टाकली, खुणेची पेन्सिल पुन्हा कानामागं खोचली.

"कापत न्हाई. आत दुमडतो. दरसाल एक दुमड सोडायची."

"सगळ्या सोडल्यावर मी ताईएवढी व्हईन?"

"व्हशील की."

"अन् मंग तिच्यापेक्षा मोठी झाले तर?"

फिलोमिनाबाईंनी तोंड फिरवलं. अर्ध्या इंचासाठी गिऱ्हाइकाशी तासभर वाद घालणाऱ्या चाचांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"मंग तू तिची ताई," ते म्हणाले. "इतके दिस तिनं दादागिरी केली. मंग तू करायची."

आराधनानं बराच विचार केला. "माझी हिरवी पेन्सिल तिनं घेतली हुती."

"तिच्या दप्तरात बघ. मोठ्या बहिणीला चालतं."

पोर ड्रेसवरून उठली.

सोमवारी सकाळी ती दुकानावरून शाळेला निघाली. तीन दुमडी घालूनही ड्रेस गुडघ्याखाली चार बोटं उतरला होता. चाचांनी मान खाली घालून मशीन जोरात चालवलं, पण कान रस्त्यावरच होते.

"लई ढिला हाय गं," वर्गातला ओंकार खिदळला.

आराधना थांबली. दप्तरातून हिरवी पेन्सिल काढून तिनं ती कानामागं खोचली, अगदी चाचांसारखी.

"ढिला न्हाई," ती म्हणाली. "वाढत्या अंगाचा हाय."